लेस्लीकाकांची वाट आणि सासूबाईंचं आलं

जंगलात वाट चुकणारा माणूस अजून आमच्या खानदानात जन्मला नाही! महायुद्धात जपान्यांनी सांडाकानच्या छावणीतल्या युद्धकैद्यांना ज्या वाटेनं डोंगरातल्या रानौ गावाकडे हाकललं, चालवून चालवून मारलं, त्याच वाटेनं मी वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियन पाहुण्यांना नेतोय. त्या दिवशी आडवाट धरली, ती निव्वळ दयेपोटी!

मॉरीनबाई सत्तरीच्या. त्यांचे लेस्लीकाका ह्याच वाटेवर, एका ओढ्याकाठी उपाशी गेले. तिथे ठेवायला बाईंनी घरच्या बिस्किटांचा डबा छातीशी धरला होता. गुडघे मात्र जुन्या दारासारखे करकरत होते.

"गाइबिन, अजून किती?" त्यांनी मला विचारलं.

"हे काय, आलंच!"

झाडी फाकवून बाहेर पडलो, आणि खरंच आलं! ठिकाण नाही हो, आलं! भाजीतलं! हिरवंगार, वाफे भरून! आणि आमच्या सगळ्यांचे बूट थेट रोपांवर!

मी तोंड उघडणार, तोच मॉरीनबाई मटकन खाली बसल्या, डबा उघडला आणि हुंदके देऊ लागल्या. "काका, मी आले हो..."

गप्प बसलो असतो, तर खपून गेलं असतं. पण मेलेल्या माणसाशी खोटं? जीभच रेटेना.

"बाई... ही ती जागा नाही."

"मग ही कुणाची?"

समोरून कोयता उगारलेली एक म्हातारी धावत आली.

"ही... माझ्या सासूबाईंची."

"मला वाटलं रानडुकरं!" सासूबाई गरजल्या. "डुकरं परवडली, हाकलली तर जातात तरी! आणि ह्या बाईला काय केलंस रे? रडतेय का ती?"

मान खाली घालून सगळं सांगितलं. कोयता हळूहळू खाली आला. सासूबाईंनी मॉरीनबाईंना हात देऊन उठवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओढा त्या टेकाडापलीकडे आहे. चला."

पुढे सासूबाई, त्यांचा दंड धरून मॉरीनबाई, मग बाकीचे पाहुणे, आणि सगळ्यांच्या पाठपिशव्या लादलेला मी शेवटी!

ओढ्याकाठी मॉरीनबाईंनी डबा ठेवला. सासूबाईंनी आपल्या टोपलीतलं उकडलेलं रताळं काढून शेजारी ठेवलं. नुसतं पाणी वाजत होतं.

मग सासूबाई मला म्हणाल्या, "तिला सांग, इथं गेलेले सगळे आमच्या डोंगरावर विसावतात. तुझा काकाही तिथंच आहे, काळजी करू नकोस. आणि हेही सांग, की हा रेडा माझ्या लेकीनं पसंत केला, मी नाही! ह्याच्यापेक्षा तो टकला सुतार बरा, असं मी तेव्हाच ओरडून सांगत होते!"

मी डोंगरापर्यंतचं सांगितलं.

मॉरीनबाईंनी डोळे पुसले. "एवढा वेळ बोलल्या, आणि एवढंच?"

"हो ना," मी म्हणालो, "आमच्या भाषेत ते जरा लांबतं."