विल्फ्रेडचा स्विस मायक्रोमीटर

"खोटारडा!" विल्फ्रेड ऑग्डेन शेडमधून गरजला. "शुद्ध खोटारडा!"

"कोण रे?" त्याच्या बायकोने, बेरिलने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"हा मायक्रोमीटर!"

चार महिने डोकं खाजवून, छोटी इंजिनं बनवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबातल्या प्रत्येकाशी हुज्जत घालून त्याने केसाएवढी जाडीही मोजणारा हा स्विस मायक्रोमीटर निवडला होता. त्यावर बरोब्बर मापून केलेला तिसरा पिस्टन आत्ता सिलिंडरमध्ये खुळखुळत होता. आणि बेरिलने चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून उचलून आणलेल्या भंगार मायक्रोमीटरवर तोच पिस्टन दोन शतांश मिलिमीटर बारीक भरत होता. म्हणजे भंगार खरं बोलत होतं! विल्फ्रेडच्या मस्तकात तिडीक गेली. पिस्टन कापायला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आता एकच तुकडा उरला होता, आणि परवा रविवारी त्याचं छोटं वाफेचं इंजिन सगळ्या क्लबासमोर धावायचं होतं.

त्याने दुकानात फोन लावला. "चोर आहात तुम्ही!"

"सर, मोजण्याआधी पिस्टन गार होऊ दिला होता का?" पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली.

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून लेथ चालवतोय मी!" त्याने फोन आदळला.

आरडाओरडा ऐकून शेजारचा नॉरिस कुंपणावरून आला. त्याने थंडगार पिस्टन दोन्ही मायक्रोमीटरांवर मोजला. माप एकच आलं, केसाचाही फरक नाही.

"लेका, रागारागात लेथवर बीड तापवतोस आणि तसंच गरम मोजतोस. गरम असताना फुगलेलं असतं ते, निवल्यावर आकसणारच. त्या बिचाऱ्या मायक्रोमीटरचा काय दोष?"

"मला शिकवतोस?"

"बरं, मग तुकडा वाया घालव."

विल्फ्रेडचे कान लाल झाले. पण तुकडा एकच होता. त्याने दात-ओठ खात तो लेथवर चढवला, थोडं थोडं कापलं आणि दर खेपेला मोजण्याआधी अर्धा तास हात बांधून बसला. इतका वेळ गप्प बसणं त्याच्या बापजन्मात घडलं नव्हतं. बेरिल तीनदा डोकावून गेली, बरं आहे ना म्हणून.

रविवारी इंजिन असं सुसाट धावलं की सगळे त्याच्याभोवती जमले. "पिस्टन काय बसलाय! मायक्रोमीटर कुठला रे?"

इथे खरं सांगायचं, म्हणजे चाळीस वर्षं लेथ चालवून आपण तापलेलं बीड मोजत होतो हे चारचौघांत कबूल करायचं. विल्फ्रेडने छाती काढली. "स्विस! दुसऱ्याकडे बघूसुद्धा नका." नॉरिसला चहाचा ठसका लागला. बेरिलने आभाळाकडे पाहिलं.

सोमवारी सकाळीच फोन वाजला. तीच मुलगी.

"सर, तुमच्या एका शब्दावर सात जणांनी मागणी नोंदवलीय! मालक विचारतायत, आमच्या जाहिरातीत तुमचं नाव घातलं तर चालेल का?"

"कोण आहे रे?" आतून बेरिलने विचारलं.

"चोर आहेत, चोर!" रिसीव्हरवर हात ठेवून विल्फ्रेड ओरडला. मग त्याने हात काढला, घसा खाकरला आणि आपलं नाव एकेक अक्षर करून सावकाश सांगू लागला.