मागच्या ब्रेकची वेलबुट्टी

"एक स्क्रूसुद्धा सुटणार नाही!" जावयाने छाती ठोकून सांगितलं, आणि सासऱ्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलं.

सासऱ्यांची मोटारसायकल त्यांच्याहून चारच वर्षांनी लहान. तिचं पुसायचं फडकं वेगळं, ते वाळत घालायची दोरीही वेगळी! जावयाने तिच्याजवळून जाताना श्वासदेखील बेतानेच सोडायचा. पण जावई कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारा. तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर तिचं हुबेहूब मॉडेल करतो. जमलं, तर एक चक्कर माझी!"

"कबूल! पण हुबेहूब हं! एकही भाग बदललेला नाही. सगळं अस्सल!"

झालं! पाच रविवार जावई गॅरेजच्या फरशीवर पालथा. तारा मोजल्या, नट मोजले, टाकीवरचे ओरखडेसुद्धा मोजले!

"माझ्या चपलेचं माप सांग बरं," बायको म्हणाली.

"थांब, सायलेन्सरचा व्यास चुकेल!"

सहाव्या रविवारी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर अनावरण. समोर सासरे, सासूबाई आणि सासऱ्यांची बहीण, आत्याबाई. या दोघींच्या मध्ये नेहमीप्रमाणे एक रिकामी खुर्ची.

पडद्यावर गाडीने झोकात गिरकी घेतली. "अगं बाई!" सासूबाईसुद्धा हरखल्या.

"आता मागचं चाक!" जावयाला जोर चढला. सासरे खोकले. गहिवरले असतील! "ही ब्रेकची पट्टी बघा. काय ती वेलबुट्टी! एकेक पान मोजून काढलंय!"

सासऱ्यांनी टेबलाखालून लाथ मारली. शाबासकी समजून जावयाने पट्टी आणखी मोठी केली. आता टीव्हीभर नुसती वेल!

सासूबाईंनी चष्मा लावला. "त्या टोकाला काय आहे?"

"दोन अक्षरं आहेत! तीही सोडली नाहीत मी!"

"माझ्या वडिलांची अक्षरं ती. हा माझा वाढायचा चमचा आहे!"

सव्वीस वर्षांपूर्वी सहातला हा एक चमचा गेला, त्या दिवशी घरात पाहुणी एकच होती. आत्याबाई! तेव्हापासून ती खुर्ची रिकामी.

"अहो! मी वन्संना नाही नाही ते बोलत होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"गाडीवर," सासरे खरं बोलून गेले. मग सावरत म्हणाले, "मॉडेल चुकलंय! यांनी मनाने काढलंय काहीतरी!"

सगळे जावयाकडे वळले. गप्प बसला असता तरी पुरे होतं. पण कारागिराचा अभिमान!

"दशांश मिलिमीटर इकडचा तिकडे नाही! चमच्याचा खोलगट भागसुद्धा आहे. हेडलाइटच्या मागे. दाखवू?"

सासूबाईंनी पाना मागितला.

अर्ध्या तासात दोन्ही तुकडे टेबलावर आले. आत्याबाई उठून रिकाम्या खुर्चीत बसल्या. "वहिनी, सव्वीस वर्षं गं!"

"चुकलंच माझं, वन्सं."

मॉडेल हुबेहूब ठरलं, तेव्हा चक्कर देणं भाग होतं. जावयाला ती मिळालीही, थेट मेकॅनिकपर्यंत. बिनब्रेकच्या गाडीवर हँडल धरून सासरे, मागून ढकलायला जावई. अकरा वर्षांनी हात लागला एकदाचा!

कोपऱ्यापर्यंत पोचले नाहीत, तोच खिडकीतून आत्याबाईंची हाक आली, "जावईबापू, टीव्हीवर ते टाकीचं झाकण मोठं कसं करायचं हो? माझ्या पावडरीच्या डबीसारखं दिसतंय!"

"मागे बघू नका," सासरे दातांतल्या दातांत म्हणाले. "ढकला!"