जीपचं लाळेरं

जीपगाडीला लाळेरं शिवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीखाली दुकान थाटून बसलेला भिकाजी टेलर. लाळेरं म्हणजे तेच, तान्ह्या पोराच्या गळ्याला बांधतात ते. फक्त हे जाड ताडपत्रीचं होतं, दोन्ही बाजूंना बांधायचे बंद होते आणि काठाला, कुणी मागितलेला नसताना, लाल गोट लावलेला होता.

"पाण्यात घातली की हिच्या नाकाशी असलेला पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो," भिकाजीने मला समजावलं. "मग बसते शिंकत. म्हणून पंख्याचा पट्टा काढायचा आणि हे बांधायचं."

"अरे, पण लालबागेत एवढं पाणी आहे कुठे?"

"मास्तर, माप घेतल्याशिवाय बोलू नये."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. गळ्यातली टेप झोपताना तरी काढत असेल की नाही, मला शंका आहे. एकदा मित्राबरोबर मुलगी बघायला गेला. मुलीच्या बापाने विचारलं, "आमचं घर कसं वाटलं?" हा म्हणाला, "घर ठीक आहे, पण तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय." आणि उठून मापही घेतलं. ते लग्न काही जमलं नाही. भिकाजीचं स्वतःचंही कधी जमलं नाही, पण त्याबद्दल तो बोलत नसे. माझा सदरा शिवताना तो मला दरवेळी नव्याने मोजायचा. "गिऱ्हाइकाचं पोट बदलतं, मास्तर. घरच्या माणसाचं माप तेवढं पाठ असतं."

ही जीप लढाईत कामाला आलेली आणि लढाई संपल्यावर भंगारात निघालेली. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे गंजत पडली होती. भिकाजीने विकत घेतलेली ती चाळीत आली तेव्हा बैलगाडीला बांधून आली, आणि सगळी चाळ गॅलरीत येऊन हसली. स्टिअरिंग डाव्या हाताला, अंगावर मिलिटरीचा हिरवा रंग पोपडे धरलेला. पण गिअरच्या शेजारी एक बारका दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही ओढायला लागतात, असं भिकाजी सांगायचा.

"ही गाडी एक दिवस गावी आमच्या खळ्यात उभी करीन," तो म्हणाला, तेव्हा त्याचे गाववालेच आधी खो खो हसले. त्यांना ते खळं, म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, ठाऊक होतं. एस.टी. सोडते तिथून आधी नदी, मग वाडीपर्यंत चढत गेलेली पाणंद. दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि मधे जेमतेम वाट. तिथे रिकामी बैलगाडीही अर्ध्यावर थांबते आणि बैल मालकाकडे बघतात. पण भिकाजीला दुसरं काही नको होतं. गाडी खळ्यात उभी राहिली पाहिजे, बस्स.

बाकीच्या चाकरमान्यांकडे गावाहून कुळथाची पिठी आणि सोलं यायची. भिकाजीकडे सुतळ्या यायच्या. त्याने गावात निरोपच धाडला होता: पाणंदीची रुंदी जागोजाग सुतळीने मोजा, गाठ मारा आणि मुंबईला येणाऱ्याच्या हाती द्या. दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांशेजारी त्या खिळ्याला टांगलेल्या असत, चिठ्ठ्या लावून: 'फणसाखालचं वळण', 'गुरवाच्या गडग्याकडे'. त्या सुतळ्यांच्या हिशोबाने त्याने जीप कापायला घेतली. मडगार्डं छाटली, बाजूचं जादा चाक मागच्या अंगाला नेलं, बाहेर आलेली प्रत्येक वस्तू तोडली नाहीतर वाकवली. "सदरा सैल होता," तो म्हणाला, "दोन्ही बाजूंनी आत घेतला."

रविवारी आम्ही शीव कोळीवाड्यापलीकडच्या खाजणात सरावाला जायचो. आम्ही म्हणजे तो चालवायला आणि मी ढकलायला. पहिल्या दिवशी त्याने चिखलात बारका दांडा ओढला. चारी चाकं सारख्याच उत्साहाने फिरली आणि गाडी चारी बाजूंनी सारखी खाली गेली.

"बघितलंत? पूर्वी नुसती मागनं रुतायची," भिकाजी चिखलातून म्हणाला. "सुधारणा आहे."

किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या कोळणींनी कामं टाकली आणि फतकल मारून बसल्या. भिकाजीने मात्र खाली उतरून चाकं दाबून बघितली. एकाएकी त्याचा चेहरा उजळला. "मास्तर, घट्ट तुमान घालून मांडी घालता येते का? मग हिला कशी येईल?" त्याने चारी चाकांतली निम्मी हवा सोडली. चाकं पसरट झाली, आणि जीप फुरफुरत त्या चिखलातून अशी बाहेर आली की कोळणींनीच टाळ्या वाजवल्या. घरी येईस्तोवर भिकाजी शीळ घालत होता. माझं धोतर बायकोने थेट बंबात घातलं.

सगळं खरं, पण एक गोष्ट कळत नव्हती. जीपची उजवीकडची पुढची सीट. आम्हाला बसायला मागे लाकडी फळी होती, आणि ह्या सीटवर कापसाची गादी, दोन्ही बाजूंना लोडासारखे उंचवटे, पाठीला उशी आणि कमरेला काज-बटणांचा पट्टा. तिच्यावर कुणाला बसू द्यायचा नाही. खाजणात ढकलून ढकलून मी अर्धमेला झालो तरी मला फळीच.

"ती सीट मापाची आहे."

"कुणाच्या?"

ह्यावर भिकाजी दोरा ओला करून सुईत ओवायला लागायचा. परळच्या इस्पितळातली कुणी नर्स असावी, असं चाळीचं मत पडलं होतं.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. मोर्चाचे कापडी फलक भिकाजी फुकट शिवून द्यायचा. "मुंबईशिवाय महाराष्ट्र म्हणजे खिशाशिवाय सदरा," हे तो गिऱ्हाइकागणिक ऐकवायचा. एकदा प्रभातफेरीसाठी पोरांनी जीप मागितली, तिच्यावर भोंगा बांधला. सभेचे वक्ते आले आणि साहजिकच पुढच्या सीटकडे वळले. भिकाजी आडवा झाला. "साहेब, मागे. ही मापाची आहे." पोरांनी कपाळाला हात लावला. वक्ते बिचारे मागे दांड्याला धरून उभे राहिले, आणि उभा राहून हात जोडणारा पुढारी बघून लालबाग इतकं खूश झालं की पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच मागे उभं राहायचं ठरवलं.

महाराष्ट्र मिळाला. चाळीतले कंदील अजून उतरले नव्हते, तेवढ्यात भिकाजी माझ्याकडे आला. "मास्तर, शाळेला सुट्टी आहे ना? सगळ्यांचं झालं. आता माझं राहिलंय."

पनवेल गेलं, महाड गेलं, घाटात इंजिन तापलं, थंड झालं, पुन्हा तापलं. मी फळीवर. पुढची सीट रिकामी, तिच्यावर पांढरी चादर. नदीच्या उतारात मांडीभर पाणी होतं. भिकाजीने पंख्याचा पट्टा काढला, जीपला लाळेरं बांधलं आणि देवाचं नाव न घेता टेपला हात लावला. जीप पाण्यात शिरली, पाणी दोन्ही अंगांनी सरलं, आणि ती एकदाही न शिंकता पलीकडे चढली. त्या लाळेऱ्याला मी इतकी वर्षं हसलो होतो. मीच ओरडलो, "शाबास!"

पाणंदीच्या तोंडाशी अख्खी वाडी जमली होती. हवा सोडली, बारका दांडा ओढला. फणसाखालच्या वळणावर भिकाजी उतरला, टेप लावली, परत बसला. गडगा आणि गाडी यांच्यात दोरा ओवण्याइतकी जागा. पुढे गुळगुळीत जांभा दगड. चाकं सरकली, धूर झाला, गाडी मागे घसरली. मागून कुणीतरी आरोळी दिली, "भिकल्याची गाडी!" आणि सगळी वाडी गरजली, "वर आलीच पाहिजे!" पुन्हा आरोळी, पुन्हा गर्जना. तिसऱ्या आरोळीला जीपने पुढच्या चाकांनी दगड धरला आणि ती वर आली. वळण, गुरवाचा गडगा, आणि खळं! मी फळीवर उभा राहून नाचत होतो, हे मला नंतर इतरांनी सांगितलं.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. भिकाजीची थोरली बहीण, आक्का. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेलेले. आई गेल्यावर तिनेच बसल्या जागी भिकाजीला वाढवला, आणि गोधड्या शिवता शिवता त्याच्या हातात सुई दिली. देवीच्या जत्रेला लोक तिला डोलीतून न्यायला यायचे, तर ती म्हणायची, "माणसांच्या खांद्यार मी एकदाच बसतलंय, मेल्यार." म्हणून ती कुठेच गेली नव्हती. नदीदेखील तिने ह्या ओट्यावरूनच पाहिलेली.

भिकाजीने चादर काढली. आक्काला उचललं आणि त्या सीटवर ठेवलं.

सीट सैल झाली. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा उरली, कमरेचा पट्टा लोंबत राहिला. त्याने टेप काढली, तिच्या खांद्याला लावली आणि तसाच थांबला. त्याच्याकडे तिचं माप पाठ होतं, पण ते कित्येक वर्षांपूर्वी तो शेवटचा गावी आला आणि ती भरल्या अंगाची होती तेव्हाचं.

"अरे, दर वर्सा तुझी पोलकी येतत, ती मीच आत घेतंय," आक्का म्हणाली. "तुका कित्याक सांगू?"

भिकाजीला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मग त्याने अंगातला कोट काढला, घडी केली आणि तिच्या एका बाजूला खोचली. दुसऱ्या बाजूला त्याने मला न विचारता माझा खोचला.

"खय नेतंस माका?"

"जत्रेक अजून येळ आसा. तू सांग."

"दर्या बघूक."

वाटेत दिसेल त्याला आक्का हात करून बाजूला व्हायला सांगत होती, आणि माणसं होतही होती. वाळू लागली तेव्हा भिकाजीने बारका दांडा ओढला. चारी चाकांनी वाळू कापत जीप थेट लाटेच्या काठाला जाऊन उभी राहिली. पाणी चाकांना लागत होतं.

भिकाजी उतरला, उजव्या बाजूला आला आणि टेप उलगडली. "आक्का, हात वर कर. नवीन माप घेतंय."

"रव रे मेल्या. आदी दर्या बघूं दे."

गिऱ्हाईक जरा हललं तरी ओरडणारा भिकाजी टेलर, हातात टेप धरून घोटाभर पाण्यात तिचं बघून होईपर्यंत उभा राहिला.