नानांचा घाटाखालचा जिल्हा

आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यात कोणाच्याही लग्नात कोकणातला पाहुणा आला, की आमचे शेजारी बळवंतनाना ताट घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसतात. ओळख ना पाळख, पहिला प्रश्न ठरलेला.

"पावणं, तुमच्या वाडीत आता चुली किती पेटत्यात?"

पाहुणा गडबडतो. नाना मात्र गंभीर असतात.

नाना जन्मले बावड्यात, आयुष्य गेलं उसात आणि म्हशींत. आंबा घाट कधी उतरले नाहीत. तरी रत्नागिरीला ते 'आमचा जिल्हा' म्हणतात.

"हिथं ऊस हाय, कारखाना हाय, माणूस ऱ्हायाचंच. तिथं काय? दर्या आन् कातळ. तरी माणसं ऱ्हायली की. गलबतं आली, आदिलशाही आली, इंग्रज आला. इंग्रजानं ब्रह्मदेशाचा राजा धरला, त्योबी नेऊन तिथंच ठेवला. आन् आता मोजणीत माणसं कमी भरत्यात. गेली कुठं?"

"मुंबईला," मी म्हणालो.

"त्ये मलाबी ठावं हाय. मागं दारं कोण उघडतंय, त्ये सांगा."



गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न रत्नागिरीत होतं. नानांना गाडीत घेतलं. साखरप्याच्या पुढे एका वाडीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. ओळीने कौलारू घरं, दारांना कुलपं. एकाच अंगणात ऐंशीच्या पुढची एक आजी आमसुलं वाळत घालत होती.

"तुमी व्हा फुडं. म्या जरा आजीस्नी इचारतो."

"आणि लग्न?"

"लग्न काय माझं न्हाय की."

संध्याकाळी परत आलो, तर नाना आजींच्या गोठ्याचं निखळलेलं दार बसवत होते. आजी ओटीवरून हुकूम सोडत होत्या. "तिथं नको, वर ठोक. कोल्हापुरात दारं अशीच लावता काय?" नाना मुकाट्याने वर ठोकत होते.

गाडीत विचारलं, "मग, काय कळलं?"

नाना काच खाली करून घाटाकडे बघू लागले. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलं पुण्यात स्थिरावली. नाना स्वतःच भाकरी थापतात आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच खातात, हे आमच्या खिडकीतून रोज दिसतं.

मलकापूर आलं तेव्हा ते बोलले.

"आजीनं जेवाय वाढलं. भात आन् कुळथाची पिठी. म्या नगं नगं म्हणतोय, तरी वाढतीच हाय."



"पोट कवाच भरलं हुतं. पर म्या काय उठलो न्हाय."