आप्पाकाकांच्या तीन हाका

मार्गशीर्ष अमावास्येचा आदला दिवस. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आंबिलासाठी लसूण ठेचत बसले होते, तेवढ्यात आप्पाकाकांचा फोन.

"सूनबाई, आंबील मडकंभर कर. माणसं येतील."

"कोण माणसं, काका?"

"ते काय आधी सांगून येतेत व्हय?"

आप्पाकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. पहिला घास घेण्याआधी ते उभे राहतात आणि तीनदा ओरडून विचारतात, "कुणी उपाशी हाय का?" आमच्या लग्नाच्या पंगतीत हे विचारलं, तेव्हा वाढप्यांनी घाबरून सगळ्यांना पुन्हा भात वाढला. तुळजापूरच्या एका खाणावळीत विचारलं, तर मालकानं हात जोडले, "बाबा, इथं उपाशीच येतेत. तुम्ही बसा."

बेंबळीला शेत होतं तोवर ठीक होतं. येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप करून तिथं पूजा करायची आणि बांधावरनं जाईल त्याला जेवायला बसवायचं, ही आमच्या भागातली रीतच. काकांच्या कोपीपुढं पंगतीवर पंगती उठायच्या. मग काकू गेल्या, काकांचे गुडघे गेले, गेल्या वर्षी शेतही विकलं. आमच्याकडं राहायला या म्हटलं, तर म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरनं माझी हाक कुणाला ऐकू जाणार?" आणि आमच्याच शहरात नदीजवळ खोली घेऊन एकटेच राहिले.

यंदाची येळवस त्यांनी नदीकाठच्या बागेत ठरवली. आम्ही पोचलो तेव्हा बाकाला कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप तयार होती. शेजारीच पाटी, 'शांतता राखा'. पाणी संथ, झाडाखाली गार सावली, बसावं वाटेल अशी जागा. पूजा झाली. मी पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर मांडली. काका उभे राहिले.

"कुणी उपाशी हाय का?"

पलीकडचे बगळे उडाले. आमचे हे नदीकडं तोंड करून बसले, आमच्यातले नसल्यासारखे. फिरायला आलेली दोन माणसं चाल वाढवून निघून गेली.

दुसरी हाक. एक कुत्रं आलं. तिसरी हाक. तेही गेलं.

बाहेरचं माणूस जेवल्याशिवाय काका घासाला हात लावत नाहीत. माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, मी आहे की उपाशी."

"तू घरची. घरचं माणूस भूक लागली की मागतंय. बाहेरच्याला इचारावं लागतं."

भज्जी निवायला लागली. काका कोपीतल्या पेंढ्या उगाचच नीट करत राहिले. तेवढ्यात शिट्टी फुंकत बागेचा रखवालदार आला.

"आजोबा, पाटी वाचता येत न्हाय का?"

"येती. जेवलास का?"

"न्हाय, पण..."

"बस."

शिट्टी गळ्यात तशीच ठेवून तो उंडे कुस्करायला लागला, तेव्हा कुठं काकांनी पहिला घास घेतला. मग मडकं रिकामं होईस्तोवर त्याला आंबील पाजलं.

निघताना मी भांडी विसळायला नळावर गेले. रखवालदार मागून आला. "ताई, ते रोज सकाळी डबा घेऊन येतेत. तीन हाका मारतेत. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम हाय. कुणी आलं न्हाय की डबा न उघडताच जातेत."

मी मडकं पुन्हा एकदा विसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा काकांनाच पुरावा म्हणून, दोन भाकरी खाऊन घराबाहेर पडले. बागेत लांबच्या बाकावर पाठमोरी बसले. काका आले. पहिली हाक झाली आणि मी हात वर केला.

"सूनबाई? अगं, तू घरची."

"घर तिकडं राहिलं, काका. मी आत्ताच बाहेरून आलेय. काय आहे डब्यात?"

त्यांनी झाकण उघडलं.