राऊहून परत न आलेला अंक

प्रिय ईरा आणि नील,

मागच्या महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या खुर्चीमागे एक गृहस्थ दोन्ही हात वर करून "वापस नहीं आया! टीचरबाई, वापस नहीं आया!" असं ओरडत होते. "आजी, हे ठीक आहेत ना?" असं तुम्ही विचारलंत. तेवढ्यात त्यांनी कॅमेऱ्यासमोर जिलबी नाचवली आणि उत्तर राहून गेलं. अर्धवट बातमी द्यायची मला सवय नाही, म्हणून गोष्ट पुरी होऊ दिली. आता लिहिते.

ते आपले शेजारी, गजानन टोकेकर. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोस्टाच्या सॉर्टिंग हॉलमध्ये काढली. पोस्टात एखादं टपाल पोचवता आलं नाही की त्यावर कारणाचा शेरा लिहून ते पाठवणाऱ्याकडे परत धाडतात. टोकेकर सगळ्या जगावर असे शेरे मारतात. मी घरी नसले की माझ्या दाराच्या फटीत चिठ्ठी असते: "दो बार आया, ताला मिला. ग. टो." खाली वेळ. समोरच्या देशपांड्यांचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा हे त्याच्या आईला म्हणाले, "म्हणजे प्राप्तकर्ता छोड़ गया." ती बिचारी दचकलीच. ताटात कारल्याची वाटी आली की दोन बोटांनी ती मागे सरकवतात: "लेने से इनकार." त्यांच्या बायकोनं, शैलावहिनींनी, एकदा तीच वाटी परत पुढे केली. म्हणाल्या, "परत घेत नाही. पाठवणारी थकलीय."

त्यांचा खरा जीव मात्र 'थैला'मध्ये. 'थैला' म्हणजे इथल्या पोस्टातल्या लोकांच्या युनियनचं चार पानी मासिक. संपादक टोकेकर. पोलोग्राउंड भागातल्या एका लहानशा प्रेसमध्ये ते छापलं जातं आणि पट्टी गुंडाळून, तिकीट लावून सभासदांच्या घरी जातं. मासिक हिंदीत, संपादकाचे वाद मराठीत. कोण निवृत्त झालं, कोणाची मुलगी पास झाली, सॉर्टिंगवाल्यांनी डिलिव्हरीवाल्यांना क्रिकेटमध्ये कसं हरवलं, सगळं त्यात असतं, आणि प्रत्येक बातमी विजयाची असते. सॉर्टिंग हॉलमध्ये एक पंखा मिळावा म्हणून युनियननं तीन वर्षं अर्ज केले. तो लागला तेव्हा मथळा होता: "ऐतिहासिक विजय! पंखा घूमा!" पुढच्याच महिन्यात तो बंद पडला. मथळा: "ऐतिहासिक संघर्ष जारी!"

चुकाही भरपूर. एकदा एका जिवंत, धडधाकट पोस्टमास्तरांना दोन वर्षं आधीच निवृत्त केलं. ते ऑफिसात गेले तर लोक हार घेऊन उभे! रागावून ते इथे आले, तर टोकेकर शांतपणे म्हणाले, "भिया, छपा सो छपा. हार तर मिळाला ना?"

छपा सो छपा. छापलेलं मागे घ्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. याच धर्मानं त्यांचा एकुलता एक मित्र घालवला.

मित्राचं नाव मधुकर बिडवई. दोघं सॉर्टिंगच्या एकाच टेबलावर शेजारी उभे राहायचे, एकाच डब्यातून जेवायचे. 'थैला'ची प्रुफं बिडवई तपासायचे, कानावर लाल पेन्सिल खोचून. मग अकरा वर्षांपूर्वी संप झाला. दुसऱ्या दिवशी बिडवई गुपचूप हॉलमध्ये शिरले, टपालाचा एकच थैला सॉर्ट केला आणि घरी गेले. त्या थैल्यात भंवरकुआं भागातल्या होस्टेलांत राहणाऱ्या मुलांची इंटरव्ह्यूची पत्रं होती, तारखा टळून चालल्या होत्या. पण टोकेकरांनी पहिल्या पानावर छापलं: "पीठ में छुरा!" खाली पूर्ण नाव. बिडवईंनी निरोप पाठवला, "चूक छापलीस, तर दुरुस्तीही छाप." टोकेकरांचं उत्तर तुम्हाला आता पाठच झालं असेल.

बिडवई युनियन सोडून शहराबाहेर राऊला राहायला गेले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. टोकेकर मात्र दर महिन्याला त्यांना 'थैला' पाठवत राहिले, आणि दर महिन्याला दहा दिवसांत तो परत येत राहिला. पट्टीवर पोस्टमनच्या अक्षरात शेरा: "लेने से इनकार."

"अडगळ नको," म्हणून शैलावहिनींनी ते परत आलेले अंक घरात ठेवू दिले नाहीत. म्हणून ते माझ्या कपाटात, महिन्यावार लावलेले. त्यांच्यावर चहाचे गोल डाग असायचे, एकदा तर पोह्याची हळदही. टोकेकरांनी त्यावर संपादकीय लिहिलं: "डाक में चाय कौन पी रहा है?" पण अंक आला की त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, तो घेत नाही आणि तुम्ही खूश कसले होता?"

"नकार द्यायला माणूस लागतो, टीचरबाई," ते म्हणाले. "आहे तो. दारापर्यंत येतो."

यंदा युनियनचा तरुण सेक्रेटरी त्यांना म्हणाला, "अंकलजी, कागज बंद करते हैं. व्हॉट्सॲप ग्रुप पे डाल दो, एक सेकंड में सबको मिल जाएगा." सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. टोकेकर माझ्याकडे येऊन बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मध्याकडे तसला फोनच नाही," ते म्हणाले. "आणि असता तरी व्हॉट्सॲपवर तो नकार कसा देणार? मला कळणार कसं?"

त्या महिन्याचा अंक कदाचित शेवटचा ठरणार होता. त्याच्या चौथ्या पानावर, तळाशी, 'थैला'च्या आयुष्यातलं पहिलं शुद्धिपत्र आलं. अंक टाकला आणि टोकेकर रोज दुपारी माझ्या ओट्यावर पोस्टमनची वाट पाहू लागले. दहा दिवस झाले. बारा झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला. पंधराव्या दिवशी, रविवारी, त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. "मेला असता तर 'प्राप्तकर्ता मृत' असा शेरा आला असता. घर बदललं असतं तर 'छोड़ गया'. कुलूप असतं तर 'ताला'. काहीच आलं नाही. म्हणजे घेतला! शुद्धिपत्र वाचलं आणि घेतला!" आणि जिलबी आणायला धावले. पुढचं तुम्ही पाहिलंत.

मी म्हटलं, "वाटेत हरवलाही असेल."

"डाकेत काही हरवत नाही!" ते कडाडले. पण दुसऱ्या दिवशी राऊला जायचं म्हटलं तर पाय निघेना.

"चला, मी येते."

"लेने से इनकार."

"गजाननराव, मी तीस वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवलंय. चपला घाला."

भंवरकुआंहून बस घेतली. राऊला एका बैठ्या घराच्या ओसरीत बिडवई बसलेले दिसले. मांडीवर 'थैला', हातात भिंग, कानावर लाल पेन्सिल. टोकेकर फाटकात थबकले.

"कोण आहे?"

"मी. गजा."

बिडवईंनी मान वर केली. अकरा वर्षांनी त्यांचे पहिले शब्द असे होते: "फाटक लाव. गाय शिरते."

टोकेकरांनी फाटक लावलं. कडी दोनदा तपासली. मग म्हणाले, "अंक घेतलास तू."

"घेतला नाही. ठेवून घेतलाय. वाचून झाला की परत करीन."

"वाचून? म्हणजे आजवर वाचत होतास?"

"न वाचता नाकारायला मी काय पागल आहे? आत काय आहे ते कळल्याशिवाय नाही कशाला म्हणायचं?" बिडवई म्हणाले. "पोस्टमनला चहा द्यायचो. त्याचा कप होईतो वाचायचो, पट्टी चढवायचो, म्हणायचो, लिही इनकार. तुझं ते चहाचं संपादकीयही वाचलं. मीच पीत होतो."

मला हसू आवरेना. टोकेकर हसले नाहीत. त्यांना एकच गोष्ट हवी होती. "मग या वेळी का ठेवलास?"

"मोतीबिंदू. आता एकेक ओळ लावायला वेळ लागतो. त्या पोरीला किती थांबवणार? आता बाई पोस्टमन आहे, तिला अख्खं गाव वाटायचंय. म्हटलं, राहू दे आज."

"आणि शुद्धिपत्र?"

"कसलं शुद्धिपत्र?"

"चौथ्या पानावर."

"मी अजून दुसऱ्यावर आहे. आठ दिवस तुझ्या त्या पंख्याशीच झटतोय. पुन्हा बंद पडला का रे?"

टोकेकर मटकन पायरीवर बसले. मी बिडवईंच्या हातून अंक घेतला आणि वाचून दाखवलं: "ग्यारह साल पहले इस पत्रिका ने साथी मधुकर बिडवई के बारे में जो छापा, वह गलत था. उस दिन उन्होंने एक ही थैला छांटा, और वह बच्चों का था. संपादक शर्मिंदा है."

बिडवई बराच वेळ भिंग पुसत राहिले. टोकेकर पायरीकडे बघत होते.

"मूळ अंकाची तारीख नाही दिलीस," बिडवई अखेर म्हणाले. "दुरुस्ती छापताना तारीख द्यायची असते. किती वेळा सांगितलं तुला, गजा?"

"राहून गेली. तू नव्हतास ना."

"ऑपरेशन का नाही करून घेत तुम्ही?" मी बिडवईंना विचारलं.

"दवाखान्यात सोबत कोणी लागतं म्हणतात," ते सहज म्हणाले.

"युनियन येईल," टोकेकर म्हणाले.

आणि युनियन आली. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याबाहेर अकरा माणसं होती. नर्सनं विचारलं, "पेशंट के साथ कौन है?" तर टोकेकरांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. डोळ्यावरची पट्टी सुटली तशी बिडवईंनी सगळ्यात आधी सेक्रेटरीला पोस्टकार्ड लिहिलं: मला 'थैला' कागदावरच हवा. टोकेकरांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांकडून तसलीच कार्डं लिहून घेतली आणि सभेत ती टेबलावर ओतली. सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "अंकलजी, छाप लो." या महिन्याचा मथळा: "ऐतिहासिक विजय! साथी बिडवई की आंख खुली!" प्रुफात बिडवईंनी 'ऐतिहासिक' खोडलं होतं. टोकेकरांनी ते परत घातलं. भांडण झालं, माझ्याच ओट्यावर, दोन कप चहा होईतो.

तर मुलांनो, 'थैला' अजून निघतो, कागदावर, चार पानी. राऊचा अंक आता परत येत नाही. जुने सगळे परत आलेले अंक माझ्या कपाटात आहेत, चहाच्या डागांसकट.

तुमची,
आजी