तिसऱ्या वेळेचा हिरवा दिवा

कोणत्याही प्रगत संस्थेत चुका होत नाहीत. फार तर दिवा लाल होतो.

लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या कंपनीला हे तत्त्व पूर्ण पटलेले होते. तिथे सगळा प्रोग्रॅम एका सामाईक कोठारात ठेवलेला असे. त्याला सगळे रेपो म्हणत. रेपोत कुणी अक्षरभर बदल केला की पाइपलाइन आपोआप जागी होई, प्रोग्रॅम नव्याने बांधून काढी, त्याच्या चाचण्या घेई आणि भिंतीवरच्या पडद्यावर दिवा लावी. हिरवा लागला की नवा प्रोग्रॅम कुणालाही न विचारता शहरभरच्या लिफ्टमध्ये जाऊन बसे. लाल लागला की सगळे चहाला जात.

पाइपलाइनने कसे वागायचे ते एका फाइलमध्ये लिहिलेले असे. त्या फाइलमध्ये ओळीआधी सोडलेल्या रिकाम्या जागेलाही अर्थ होता. (उपाध्यक्षांची खुर्ची सोडली तर रिकाम्या जागेला एवढा मान त्या इमारतीत दुसरीकडे नव्हता.) ही फाइल ज्या बाई सांभाळत, त्यांना कचेरीत लालताई म्हणत. त्यांचा दोष एकच. दिवा लाल झाला की त्या का झाला ते शोधत.

तर एकदा एक चाचणी मधूनमधून नापास होऊ लागली. चाचणी साधी होती: दारात माणूस असेल तर दार मिटू नये. लालताईंनी मागे लागून कारण काढले. दोन मजल्यांची बटणे एकदम दाबली गेली की आधी कुठे जायचे या विचारात प्रोग्रॅम इतका गढून जाई, की दारात कुणी आहे का हे दाराला विचारायचेच विसरे.

"किती वेळा नापास होते?" साहेबांनी विचारले.

"तीनदा चालवली तर दोनदा."

"म्हणजे एकदा पास होते!" साहेबांचा चेहरा उजळला. "अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

"साहेब, दोनदा दार माणसावर मिटतं."

"चाचणीत मिटतं. तिथे माणूस कुठाय? आणि फोन एकदा लागला नाही तर आपण पुन्हा लावतोच की. लगेच कुणी खांबावर चढतं का?"

या युक्तिवादाला तोड नव्हती. फाइलमध्ये नवी ओळ आली: नापास चाचणी तीनदा घ्यावी, एकदा जरी पास झाली तरी पास समजावी. प्रोग्रॅममधले एक अक्षर न बदलता आठवडाभरात लाल दिवे निम्म्यावर आले. ज्या चाचण्या तिन्ही वेळा नापास होत, त्यांना विश्रांती देण्यात आली. (त्यांच्यामुळे इतर चाचण्यांचा धीर खचतो, असे बैठकीत एकमताने ठरले.) विश्रांतीतून एकच चाचणी वगळली होती. दार चार सेकंदांत मिटलेच पाहिजे, ही. कारण जाहिरातीत चार सेकंद छापलेले होते.

लालताईंनी मग स्वतःच दुरुस्ती केली. प्रोग्रॅमने आधी दाराला विचारायचे, मजल्यांचा विचार नंतर. दारात उभ्या माणसावर दार आता एकदाही मिटेना. मात्र या विचारपुशीत अर्धा सेकंद जाई, त्यामुळे जाहिरातीची चाचणी तिन्ही वेळा प्रामाणिकपणे नापास झाली. जुना प्रोग्रॅम तीनदा चालवला की एकदा तरी पास होई. दुरुस्तीला तेवढाही लवचिकपणा जमला नाही. पाइपलाइनने नियमानुसार दुरुस्ती परत पाठवली आणि जुनी चूक सन्मानाने पुढे सोडली.

"चाराचे साडेचार करू या ना, साहेब."

"अर्ध्या सेकंदासाठी फलक बदलायचे? लालताई, जरा हिरवा विचार करा."

लालताईंना तो करता येईना, कारण त्या राहत त्या इमारतीत हीच लिफ्ट होती. सहाव्या मजल्यावर त्यांच्याबरोबर त्यांचे वडील राहत. त्यांच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. ते वॉकर आधी दाराबाहेर ठेवत, मग एक पाय, मग जरा थांबून दुसरा.

"बाबा, थोडे दिवस लिफ्टने जाऊ नका."

"डॉक्टर म्हणतो जिना नको, तू म्हणतेस लिफ्ट नको. मग काय खिडकीतून उडी मारू? आणि लिफ्ट तुमच्याच कंपनीची ना गं?"

"म्हणून तर सांगते."

"घरकी मुर्गी," असे काहीसे पुटपुटत बाबांनी चपला चढवल्या.

ती चूक पोटात घेऊन नवा प्रोग्रॅम शुक्रवारी शहरभरच्या लिफ्टमध्ये गेला. पडद्यावर दिवा हिरवागार होता. साहेबांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. लालताई संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा तळमजल्यावर लिफ्ट उघडत होती आणि आतून वॉकरचे दोन पाय बाहेर येत होते. वर कुणीतरी बटण दाबले, आणखी कुणीतरी दुसरे. लालताईंनी धावत जाऊन दारात खांदा घातला. दार खांद्यावर आपटले. उघडले, पुन्हा आपटले. तिसऱ्या वेळी मात्र शहाण्यासारखे थांबले.

बाबा एक पाय, मग दुसरा, असे सावकाश बाहेर आले.

"बघ, थांबलं की नाही? उगीच घाबरवतेस माणसाला!"

लालताई खांदा चोळत उभ्या राहिल्या. दाराच्या वरचा दिवा हिरवाच होता.

साहेबांचा नियम ज्यांना विचित्र वाटला असेल, त्यांनी पुढच्या खेपेला लिफ्टसमोर स्वतःच्या बोटाकडे बघावे. बटण दाबलेत, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलेत, तरी नाही. तिसऱ्यांदा लागला. आधी दोनदा का लागला नव्हता, हे कुणाला विचारलेत का? आत शिरलात, आणि आपल्या मजल्याचे बटण दाबलेत. (तुमच्या मागून वॉकर टेकत कुणीतरी येत होते.)